कणगीतली बाई

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मालिकेत मला कपटी आत्याचं काम दिलं तेव्हा दिग्दर्शकाला वाटलं, आपण हिच्यापुढे मोठं आव्हान ठेवलं. मी मान डोलावली. एकोणिसाव्या वर्षापासून करत आलेलं काम आता कॅमेऱ्यापुढे करायचं, एवढाच काय तो फरक होता. सेटवरची एक नवी मुलगी परवा विचारत होती, ताई, तुम्ही अभिनय कशातून शिकलात. मी म्हटलं, रागातून. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

माझा राग एका माणसावर आहे. त्यांना मी अजूनही सर म्हणते, कारण जिभेला वळण पडलं ते पडलं. ते भोरमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळी चालवायचे. मला अभिनय त्यांनी शिकवला, असं ते गावभर सांगतात. मला त्यांनी कणगीत बसवलं होतं, हे मात्र सांगत नाहीत. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची टोपली, पुरुषभर उंचीची, शेणानं सारवलेली. भर रंगमंचावर, गच्च भरलेल्या सभागृहापुढे मी दीड तास तिच्यात बसले आणि एकाही माणसाला दिसले नाही. त्यानंतरची पंधरा वर्षं मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसानं एकदा, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणावं की आत ही होती.

आमची वस्ती वेल्ह्याकडच्या पासलीच्या वरच्या अंगाला आहे. दहा-बारा घरं, त्यातल्या माणसांपेक्षा म्हशी जास्त आणि म्हशींपेक्षा शेळ्या जास्त. आई पलीकडच्या उतारावर गेलेल्या जनावरांना हाक मारायची तेव्हा ओरडायची नाही. पोटातून एक सपाट, लांब आवाज काढायची आणि तो ओढा ओलांडून बरोबर पोचायचा. मलाही तसा आवाज लागला. वस्तीवर त्याचं कुणाला कौतुक नव्हतं, तिथं सगळ्यांनाच तो यायचा.

बारावीनंतर मी भोरला कॉलेजला आले. वेल्ह्याहून एसटीनं चेलाडी फाटा, तिथून दुसरी एसटी, आणि मुक्काम मुलींच्या वसतिगृहात. एकदा भोरच्या स्टँडवर मैत्रीण चुकीच्या गाडीत चढत होती, म्हणून मी तिला या टोकावरून हाक मारली. सर तिथंच पेपर वाचत उभे होते. ते पेपर घडी करून जवळ आले आणि म्हणाले, संध्याकाळी तालमीला ये, तुझ्या आवाजाचं काहीतरी करू. त्या दिवशी मी वसतिगृहाच्या आरशासमोर एक तास उभी होते.

तालमीच्या खोलीत त्यांनी मला एक पान वाचायला दिलं. मी वाचलं. सगळे गप्प झाले, ते मला अजून आठवतं. मग सर म्हणाले, "आवाज देवानं दिला, आणि बाकीचं द्यायला विसरला बघा." सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या त्या हसण्याचा राग मला आजही जास्त येतो.

त्या मंडळींत मला काम मिळालं ते वाक्यं सांगायचं. तुम्हाला वाटत असेल, नाटकात नट आपली वाक्यं पाठ करतात. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. पाठांतर शाळेतल्या पोरांनी करावं, असं सर म्हणायचे, आणि बँकेतले, पतपेढीतले, पंचायत समितीतले सगळे नट दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी मोकळ्या डोक्यानं यायचे. आतून वाक्यं सांगणारी असली की झालं. मी विंगेत पुस्तक घेऊन बसायची आणि अख्खं नाटक त्यांच्या कानात ओतायची. प्रेक्षकांना ऐकू जायचं नाही, नटाला गेलंच पाहिजे, असा आवाज लागतो त्याला. पहिले तीन शब्द द्यायचे, आणि तेही नटानं श्वास घेतल्यावर. आधी दिले तर तो गडबडतो, उशिरा दिले तर उघडा पडतो.

चार वर्षांत मला प्रत्येकाचा श्वास पाठ झाला. कोण अडखळणार ते मला त्याच्या आधी कळायचं. पतपेढीवाले काका विसरले की अंगठ्यानं बोट घासायचे. सर विसरले की छाती पुढे काढायचे. कुणी तालमीला आलं नाही की त्याच्या जागी मला उभं करायचे, वाक्यं मलाच यायची ना. त्यामुळे मी सासू केली, पाटील केला, फौजदार केला, एकदा तर मेलेला म्हातारा केला. प्रयोगाच्या दिवशी ज्याची त्याची माणसं यायची आणि मी परत विंगेत. सगळी कामं शिकले आणि एकही केलं नाही. याला कुणी शिक्षण म्हणत असेल तर म्हणो.

मग स्पर्धा आली. भोरच्याच सभागृहात, परीक्षक पुण्याचे. नाटक असं होतं की एका बाईचा नवरा बारा वर्षांनी घरी परत येतो, दुसरी बायको करून. नवरा अर्थातच सर. तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि मिशीला काळं लावून पस्तिशीचे व्हायचे. बायको करणाऱ्या बाईंची महिनाभर आधी बदली झाली. त्या जागी दहा दिवस मी तालमीत उभी राहिले.

त्या दहा दिवसांबद्दल मी नम्रपणा दाखवणार नाही. मी चांगली होते. दुसऱ्या अंकात नवरा दारात येतो आणि विचारतो, "ओळखलंस का?" त्यावर त्या बाईचं पानभर बोलणं आहे. मी ते बोलले की रंगभूषेचे काका ब्रश खाली ठेवायचे. सरांच्या तोंडावरसुद्धा पहिल्यांदा काहीतरी खरं दिसायचं. खोलीतल्या सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की हे काम आता माझं. मीही मनात मांडे खाल्ले. आईला निरोप धाडला की बघायला ये.

अकराव्या दिवशी सर पुण्याहून आपल्या भाचीला घेऊन आले. ती माझ्याच वयाची होती, कथक शिकलेली, गोरी, आणि स्वभावानं गरीब. सर मला म्हणाले, "हिला जरा दाखव, तू कसं करतेस ते." मी दाखवलं. हात कुठं जातो, पदर कधी धरायचा, "बारा वर्षं" म्हणताना आवाज वर न नेता खाली कसा न्यायचा. ती सगळं टिपून घेत होती आणि मधून मधून थँक्यू म्हणत होती. मी दात ओठ खात शिकवत होते.

तिचे हात आठवड्यात तयार झाले. पण ते पानभर बोलणं काही तिच्या डोक्यात बसेना. आणि स्पर्धेत आतून सांगितलेलं परीक्षकांना कळलं तर गुण कापायचे, मंडळी बादसुद्धा व्हायची. विंगेतून सांगावं तर आवाज तिच्यापर्यंत पोचायला मोठा करावा लागायचा. सरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुमच्या घरी कणगी असेल ना गं?"

कणगी आमच्या घरचीच आली. भातानं भरलेली आईनं रिकामी केली, भात पोत्यांत भरला, पुन्हा एकदा हात फिरवून सारवली, आणि पासलीहून टेम्पोत चढवून दिली. लेकीच्या नाटकाला आपली कणगी, तिला केवढा अभिमान. भोरला पोचल्यावर सरांनी करवत घेतली आणि तिच्या पोटाला वीतभर खिडकी पाडली. मी बघत उभी होते. त्या कणगीत पुन्हा कधी भात पडला नाही.

तर ठरलं असं. कणगी शेतकऱ्याच्या घरात शोभते, म्हणून ती रंगमंचाच्या मधोमध. तोंडावर सूप झाकलेलं. खिडकीची बाजू विंगेकडे, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी. आत मी, गुडघ्यावर पुस्तक, हातात बॅटरी. भाचीनं अवघड बोलणं कणगीजवळ येऊन बोलायचं. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, शेवटी तुला स्टेजवर आणलं की नाही मी?" पुन्हा सगळे हसले. या वेळी मी हसले नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रयोग दुपारी तीनचा होता. पडदा उघडायच्या आधीच मला आत उतरवलं. शेणाचा वास, उकाडा, आणि सारवण पोपडलं होतं तिथं बांबूच्या विणीतून दिसणारं चिमूटभर सभागृह. त्या चिमटीत मला आई दिसली. चौथ्या-पाचव्या रांगेत, वस्तीवरच्या दोघी बायकांबरोबर, नवं लुगडं नेसून, पायातल्या वहाणा मांडीवर घेऊन बसली होती. हरवतील म्हणून. पडदा उघडला आणि ती प्रत्येक येणाऱ्या पात्राकडे मान पुढे काढून बघायला लागली. भाची आली तेव्हा तिनं शेजारणीला काहीतरी विचारलं. शेजारणीनं मान हलवली. मग फौजदार आला, त्याच्याकडेही आईनं निरखून बघितलं, मिशी लावून मीच आले असेन असं तिला वाटलं असावं. पहिला अंक संपेपर्यंत ती मला शोधत होती.

मी ठरवलं ते तेव्हा. ठरवून केलं. भान सुटलं, रागाच्या भरात झालं, असलं काही मी म्हणणार नाही.

दुसऱ्या अंकात सर दारात आले. छाती पुढे काढून म्हणाले, "ओळखलंस का?" भाची कणगीजवळ आली, खिडकीच्या बाजूला वळली, श्वास घेतला. त्या श्वासावर मी पहिले तीन शब्द द्यायचे. मी बॅटरी बंद केली आणि पुस्तक मिटलं.

ती थांबली. पुन्हा श्वास घेतला. मग तिनं कणगीला हात लावला. खिडकीच्या काठावर तिची बोटं आली, ती मला आतून दिसत होती. "सांग ना," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. मी सांगितलं नाही. तिनं कणगीला कपाळ टेकलं. "सांग गं. पाया पडते तुझ्या." मग ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलत होते फक्त. मी श्वास मोजत होते. अकरा मोजले. पुढचं वाक्य सरांचं होतं, पण ते तिच्या बोलण्यावर अवलंबून, म्हणून तेही तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे. शेवटी त्यांनी पुढे होऊन तिचा दंड धरला, "चल, आत चल," असं काहीतरी पुटपुटले आणि तिला घेऊन गेले.

मी टर उडायची वाट बघत होते. सभागृह शांत होतं. मग कुठून तरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग दुसरीकडून, आणि पडदा पडला तेव्हा अशा टाळ्या पडल्या की सुपातली धूळ माझ्या डोक्यावर आली. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं होतं ते मला हळूहळू उमजलं. नवरा बारा वर्षांनी येतो, ओळखलंस का विचारतो, आणि ती एक शब्द न बोलता, इतकी वर्षं जिनं घर भरलेलं ठेवलं त्या कणगीला कपाळ टेकून रडते. नवरा अपराध्यासारखा उभा राहतो. यापेक्षा चांगलं त्या नाटकात काहीच नव्हतं.

अभिनयाचं पहिलं बक्षीस भाचीला. दिग्दर्शनाचं सरांना. परीक्षक म्हणाले, पानभर मजकूर गाळून एका कृतीवर विश्वास ठेवायला दिग्दर्शकाला छाती लागते. सर छातीवर हात ठेवून म्हणाले, "त्या कणगीवर मी आठ दिवस काम केलं."

नंतर सर माझ्यासमोर आले. त्यांना सगळं कळलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण माझ्यावर आरोप करायचा तर कणगीत कुणीतरी होतं हे कबूल करावं लागलं असतं. बक्षीस गेलं असतं. माझीही तीच गत. मी केलं म्हणून सांगावं तर तेव्हा कोण ऐकणार होतं. आम्ही दोघंही मिठाईचा तुकडा हातात धरून एकमेकांकडे बघत राहिलो. भाची त्याच संध्याकाळी पुण्याला परत गेली, तिची माझी गाठ पडली नाही.

आई बाहेर वहाणा घालून उभी होती. म्हणाली, "आपली कणगी दिसली. तू न्हाई दिसलीस."

"मी आत व्हते," मी म्हटलं.

"आत म्हंजी?"

मी सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "बये, कणगीत भात ठिवत्यात. माणूस न्हाई." आणि एसटीकडे चालायला लागली. जाताना कणगी मागायला ती विसरली नव्हती, पण सर म्हणाले, राहू दे, आता ती मंडळाची शान आहे.

मी मंडळी सोडली, परीक्षा दिली आणि पुण्याला गेले. दिवसा एका कपड्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायची आणि संध्याकाळी कुठंही तालीम असेल तिथं जाऊन बसायची. माझी भरती अशी व्हायची की कुणीतरी आजारी पडायचं आणि मला अख्खं नाटक पाठ असायचं. बोलायचं वाक्य नसलेल्या मोलकरणी केल्या, गर्दीतल्या बायका केल्या. पण एक गोष्ट माझ्याकडे होती, ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. गप्प राहिल्यानं समोरच्याचं काय होतं ते मी आतून, हातभर अंतरावरून बघितलं होतं. पहिल्या मालिकेत मला दोन वाक्यांची नर्स दिली. दोन वाक्यांच्या मध्ये मी जी थांबले, तेवढ्यात नायिकेच्या कपाळावर घाम आला. दिग्दर्शकानं विचारलं, ही जागा घ्यायला कुठं शिकलात. मी म्हटलं, घरीच.

तिथून आत्या मिळाली, मग दुसरी आत्या, मग वाईट काकू. प्रत्येक वेळी समोर कोणीही असो, मी तिथं सरांचं तोंड बसवते आणि कामाला लागते. भोरच्या बाजारात आता मेथी घ्यायला गेले तर बायका मला सुनावतात. एक म्हातारी तर म्हणाली, "लई छळतीस गं त्या सुनंला." मला ते मनापासून आवडतं.

आणि इकडे सर पंधरा वर्षं कणगीची गोष्ट सांगत होते. शाळांच्या स्नेहसंमेलनात, सारोळ्याच्या कुठल्याशा उद्घाटनात, कुणाच्या साठीला. गोष्टीला फांद्याही फुटल्या होत्या. आता त्यात ते भाचीला म्हणायचे, "पोरी, ते पान फाडून टाक. आता फक्त कणगी आणि तू." व्हिडिओ मोबाईलवर फिरत फिरत माझ्याकडे यायचे. मी ते बघायची, पुन्हा बघायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा भोरमध्ये माझा सत्कार ठरला. त्याच सभागृहात, दुपारीच. अध्यक्ष सर. मी लगेच होकार दिला. आयोजकांना माझ्या साधेपणाचं कौतुक वाटलं. महिनाभर मी माझं भाषण बसवत होते, आरशासमोर, गाडीत, आंघोळ करताना. शब्द न शब्द पाठ.

रंगमंचावर कणगी ठेवली होती. झेंडूचा हार घालून. आई माझ्याशेजारी बसली होती, तिनं कणगीकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या रांगेत हिरव्या साडीत सरांची भाची होती. ती आता साताऱ्याला असते. बक्षीस मिळवूनही तिनं पुन्हा कधी नाटकात काम केलं नाही, लग्न झालं म्हणून असेल, असं सगळे म्हणायचे. सर सत्तरीकडे झुकलेत पण आवाज खणखणीत आहे. त्यांनी माझ्या सत्कारात पुन्हा तीच गोष्ट सांगितली, पान फाडून टाक इथपर्यंत, आणि वर म्हणाले, "अशा तालमीत ही पोर तयार झाली."

मी माईक घेतला. सगळं सांगितलं. आमची कणगी, करवत, सूप, बॅटरी. आई वहाणा मांडीवर घेऊन बसली होती तेही सांगितलं. सभागृह कान देऊन ऐकत होतं. "तिनं श्वास घेतला," मी म्हटलं, "आणि मी पुस्तक मिटलं." आणि थांबले. सवयीनं थांबले. जिथं थांबायला हवं तिथंच, जेवढं हवं तेवढंच.

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आत्याबाई हितंबी डाव टाकत्यात बघ." सगळ्यांना ऐकू गेलं आणि अख्खं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मी रागानं बघितलं तर आणखी टाळ्या पडल्या, मालिकेत मी तसंच बघते. सर डोळे पुसत हसत होते. त्यांनी दुसरा माईक ओढला, "बघा, अजून कशी रंगवते!" आयुष्यात पहिल्यांदा माझा अभिनय माझ्याच मुळावर आला. मी घाईनं, वाईट बोलले असते तर कदाचित लोकांनी मानलं असतं.

मग मला भाची दिसली. ती हसत नव्हती. ती एकटीच हसत नव्हती.

"खोटं वाटत असेल तर हिला विचारा," मी बोट दाखवून म्हटलं. "हिनं माझ्याकडे वाक्य मागितलं होतं. हिला विचारा, आत कोण होतं."

सगळ्या माना वळल्या. तिनं मांडीवरची पर्स खुर्चीत ठेवली आणि उठली. आधी कणगीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मामाकडे बघितलंच नाही. मला वाटलं, झालं, आलं माझ्या हातात. ती बराच वेळ तशीच उभी होती. मी माईक तिच्या दिशेनं धरला.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "किती वर्षं झाली." आणि बसली.

सरांनी मला शाल घातली. मी नारळ घेतला. फोटोत मी हसते आहे.

कार्यक्रमानंतर ती बाहेरच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत थांबली होती. मी तिच्यावर तुटून पडायच्या तयारीतच गेले. ती शांतपणे म्हणाली, "मी इतकी वर्षं समजत होते, तुझी बॅटरी गेली."

मी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मामांनी सांगितलं नाही, मीही कुणाला बोलले नाही. वाटायचं, बिचारी आत अंधारात, तिला पान दिसत नसेल, तीही माझ्यासारखीच घाबरली असेल." मग तिनं विचारलं, "माझं बोलणं तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"सगळं?"

"सगळं."

तिनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं, आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या नवऱ्यानं गाडीचं दार उघडून धरलं होतं. मी तिला थांबवायला हवं होतं. मला हाक मारता येते, ओढ्यापलीकडे पोचेल अशी. मारली नाही.

हे लिहिलंय ते सरांसाठी. त्यांचं नाव घातलेलं नाही, भोरमध्ये घालायची गरज नाही. ते रोज सकाळी चष्मा लावून पेपरचं अक्षर न् अक्षर वाचतात, म्हणून ते धडधाकट आहेत तोवरच लिहून काढलं. कणगीत मी होते, ती जागा त्यांनी बसवली नव्हती, आणि हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. त्यांच्यावरचा राग तसूभर कमी झालेला नाही, व्हावा अशी इच्छाही नाही. पायऱ्यांवरचं बोलणं मात्र मी दोनदा खोडलं आणि दोन्ही वेळा परत लिहिलं. सरांना ही पानं उद्याच कुरियरनं पाठवते आहे. साताऱ्याचा पत्ताही मिळवून ठेवलाय, पण त्या पाकिटावर अजून काही लिहिलेलं नाही.